आधी अंधार नीट करा: सांगलीतल्या घरच्या हॉलमध्ये आशियाई भयपट दाखवायचे तर

"जपानी भुताच्या सिनेमांबद्दल फार ऐकलं होतं, पण पाहिल्यावर काहीच वाटलं नाही," असं कुणी म्हणालं की आधी विचारा, पाहिला कसा? बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं. रविवारी दुपारी, पडदे अर्धे उघडे, पंखा पाचावर, टीव्ही भडक रंगांवर आणि हिंदी डब. या सिनेमांची भीती चित्राच्या काळ्या भागात आणि दोन आवाजांमधल्या शांततेत असते. तो काळा भाग राखाडी झाला आणि ती शांतता पंख्याने भरली की मागे उरते ती नुसती गोष्ट, आणि गोष्ट तर यांत बहुतेकदा दोन ओळींची असते. म्हणून इथे आधी खोली, मग चित्र, मग आवाज आणि त्यानंतर सिनेमे, असा क्रम घेतला आहे.

खोली

सांगली-मिरजेतल्या नेहमीच्या फ्लॅटचा १० बाय १४ फुटांचा हॉल आठ-दहा माणसांना पुरतो. मे-जूनमध्ये सूर्य मावळायला सात वाजतात आणि काळोख पडायला पावणेआठ, तेव्हा उन्हाळ्यात साडेआठच्या आत सुरू करू नका. खिडकीच्या नेहमीच्या पडद्यातून रस्त्यावरचा एलईडी दिवा आरपार येतो. जाड काळं कापड चौकटीपेक्षा चारही बाजूंनी अर्धा फूट मोठं कापून घ्या आणि कडा चिकटपट्टीने भिंतीला बसवा. प्रकाश कडेच्या फटीतूनच शिरतो. मग दिवे बंद करून पाच मिनिटं खोलीत नुसते बसा. इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका, राउटरची लुकलुक, सेट टॉप बॉक्सवरचं घड्याळ, सगळं तेव्हा दिसायला लागतं. त्यावर वायरमनची काळी टेप लावा. देवघरातला झिरोचा बल्ब बंद करा, समई तेवत असेल तर देवघराचं दार लोटून घ्या.

प्रोजेक्टर लावणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे जिथे प्रकाश पडलाच नाही ती जागा. पांढऱ्या भिंती, पांढरं छत आणि चकचकीत फरशी यांवरून उडालेला उजेड परत पडद्यावर येतो आणि तो काळा धुवून टाकतो. यावर आपल्या भागातला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे काळी घोंगडी. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, पडद्यापासून तीन-चार फुटांपर्यंत घोंगड्या टांगा आणि खाली गडद सतरंजी अंथरा. लोकर उजेड गिळते, शिवाय रिकाम्या हॉलमधला घुमणारा आवाजही कमी करते. एका घोंगडीत दोन्ही कामं होतात.

मापं अशी. चित्र ६ फूट रुंद ठेवलं तर १६:९ प्रमाणात त्याची उंची सुमारे ३ फूट साडेचार इंच येते. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो (म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ लिहिला असेल तर ६ गुणिले १.५, म्हणजे ९ फुटांवर तो ठेवावा लागेल. पडद्याच्या बरोबर मध्यावर, सरळ ठेवा. कडेला ठेवून मेनूतल्या कीस्टोनने चित्र चौकोनी करता येतं, पण त्यात चित्राची बारीक नक्षी जाते. चित्राची खालची कड जमिनीपासून ३ फुटांवर हवी. जमिनीवर बसलेल्या मोठ्या माणसाचं डोकं पावणेतीन फुटांच्या आसपास येतं. चित्र त्याहून खाली गेलं की मागच्यांना सबटायटल दिसत नाहीत, आणि परक्या भाषेतल्या सिनेमात सगळ्यात जास्त तक्रार याचीच येते. पुढे गाद्या, मागे खुर्च्या, पहिली रांग ८ फुटांवर.

पडदा कापडाचा असेल तर छताचा पंखा त्याला हलवतो आणि भूत येण्याआधीच भिंत डोलायला लागते. कापडाच्या खालच्या शिवणीत पीव्हीसीचा पाइप घाला आणि दोन्ही टोकं दोरीने खाली बांधा. गुळगुळीत पांढरी भिंत असेल तर कापडापेक्षा तीच बरी, फक्त ऑइल पेंटची नको. तिच्यावर मधोमध प्रकाशाचा गोळा चमकतो. छताचा पंखा बंदच ठेवा आणि मागच्या कोपऱ्यात टेबल फॅन सर्वांत कमी वेगावर लावा.

वीज जाईल हे गृहीत धरा. दिव्याचा प्रोजेक्टर २०० ते ३०० वॅट खातो. वीज एकदम गेली की आतला पंखा थांबतो, दिवा तापलेलाच राहतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. प्रोजेक्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, फ्रिज तिच्यावरून काढा.

चित्र

टीव्ही असो वा प्रोजेक्टर, आधी 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' मोड काढून 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा. मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलं आहे, पण मेनूत 'मोशन' शब्द शोधला की सापडतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घुसडतो तेव्हा सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं आणि भुताची अडखळती चाल सरळ होऊन जाते. पॉवर सेव्हिंग आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सरही बंद करा. नाहीतर अंधाऱ्या प्रसंगात टीव्ही आपणहून मंद होतो, नंतर उजळतो, आणि तो फरक डोळ्याला कळतो.

मग ब्राइटनेस. जिथे मोकळे काळे केस अंधाऱ्या भिंतीसमोर आहेत असा रात्रीचा प्रसंग शोधून थांबवा. केस आणि भिंत एकजीव झाले असतील तर ब्राइटनेस एकेक घराने वाढवा. बटा वेगळ्या दिसायला लागल्या की थांबा आणि एक घर मागे या. भिंत धुरकट राखाडी दिसत असेल तर तुम्ही पुढे गेलात. लॅपटॉप एचडीएमआयने जोडला असताना सगळंच राखाडी किंवा सगळंच डांबरासारखं दिसत असेल तर दोष ब्राइटनेसचा नाही. लॅपटॉप काळ्या-पांढऱ्याची 'फुल' रेंज पाठवतो आणि टीव्ही 'लिमिटेड' समजतो, किंवा उलट. दोन्हीकडे एकच ठेवा. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये २४ हर्ट्झचा पर्याय दिसला तर तो निवडा, कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा बसणारे बारीक झटके त्याने जातात.

चित्राचा आकार ताणू नका. 'क्वाइदान' आणि 'ओनिबाबा' लांबट पट्टीचे सिनेमे आहेत. ६ फुटी चित्रावर वर-खाली साधारण पाच-पाच इंच काळी पट्टी राहणारच. 'हाउस' जवळजवळ चौकोनी आहे, तिथे पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतात. "पडदा पूर्ण भरू दे की" म्हणून कुणी झूम केलं की कडेला उभं असलेलं काहीतरी कापलं जातं, आणि या सिनेमांत महत्त्वाचं माणूस बऱ्याचदा कडेलाच उभं असतं.

आवाज

ब्लूटूथ स्पीकर नको. त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने मागे पडू शकतो. गाण्याला ते चालून जातं. इथे दार आपटलेलं आधी दिसतं, मग ऐकू येतं, आणि दचका वाया जातो. ऑक्स केबल किंवा टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणारा एचडीएमआय आर्क वापरा. व्हीएलसी प्लेअरमध्ये जे आणि के या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी पुढेमागे सरकवता येतो.

साउंडबारचा 'नाइट मोड' आणि लॅपटॉपचं 'लाउडनेस इक्वलायझेशन' काढून टाका. दोन्ही हळू आवाज मोठे करतात आणि मोठे आवाज दाबतात, म्हणजे या सिनेमांचा जीवच काढून घेतात. आवाजाची पातळी साध्या बोलण्याच्या प्रसंगावर लावा: समोरचा माणूस सहा फुटांवरून बोलतोय इतकी. मग रिमोट अशा एकाकडेच द्या ज्याने तो सिनेमा आधी पाहिला आहे. नेहमीची चूक अशी होते की शांत प्रसंगात कुणीतरी आवाज वाढवतं, लगेच किंकाळी येते, सगळे कानावर हात ठेवतात, मग आवाज इतका खाली जातो की पुढचा अर्धा तास फुकट.

स्पीकर तपासायला तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावा. तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या लोकांना हे सांगायला नको. खर्जाच्या तारेला स्पीकर खडखडला तर बास कमी करा. ही तपासणी उपयोगी पडते ती 'जु-ऑन' या जपानी भुताच्या सिनेमात. तिथल्या बाईच्या घशातून येणारा तो तुटक करकर आवाज दिग्दर्शक ताकाशी शिमिझू यांनी स्वतःच्या घशातून काढलेला आहे. जवारी (घोडीवरून तारेला मिळणारा झणकार) बिघडलेल्या तारेसारखा तो सुटा सुटा ऐकू यायला हवा. स्पीकर घुमत असेल तर त्याची नुसती गुरगुर होते.

भडंग आधी किंवा नंतर. सांगलीत पाहुण्यांपुढे भडंग न ठेवणं जिवावर येतं हे खरं, पण दहा माणसांच्या दाढांखाली ती कुरकुरायला लागली की शांतता शिल्लक राहत नाही. मोबाईल दाराजवळच्या स्टीलच्या डब्यात, झाकण लावून. डोळ्याला अंधाराची ढोबळ सवय व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात, पूर्ण व्हायला वीस ते तीस. एकाने दोन सेकंद पांढरा स्क्रीन पाहिला की त्याचं आणि शेजाऱ्याचं घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून दिवे सिनेमाच्या दहा मिनिटं आधीच घालवा आणि बोलायचं ते अंधारात बोला.

सबटायटल आणि पूर्वरंग

डब नको, मूळ भाषाच ठेवा. डबमध्ये स्टुडिओतला आवाज तोंडाजवळून येतो, त्यामुळे पॅसेजच्या टोकाला उभं असलेलं माणूस कानाशी बोलल्यासारखं वाटतं आणि अंतर मरतं. अंतर मेलं की पाऊल जवळ येण्याची भीतीही मेली.

सबटायटलचा रंग पांढराशुभ्र ठेवू नका. अंधारात रुळलेल्या डोळ्यावर प्रत्येक ओळ टॉर्चसारखी पडते. फिकट राखाडी किंवा मळकट पिवळा घ्या. लांबट सिनेमात ओळी खालच्या काळ्या पट्टीत बसवा. ओळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने मागेपुढे असतील तर व्हीएलसीमध्ये जी आणि एच कळांनी सरकवा. अंतर मिनिटागणिक वाढत असेल तर कळा दाबून उपयोग नाही. सेकंदाला २५ चित्रांसाठी बनवलेली फाइल २४ च्या सिनेमाला लावली आहे. मिनिटाला अडीच सेकंद या हिशेबाने दीड तासात जवळजवळ पावणेचार मिनिटांची तफावत पडते. योग्य फाइल मिळवा. स्वतः मराठी ओळी लिहिणार असाल तर एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५ ते ४० अक्षरं, आणि ओळ निदान दोन सेकंद पडद्यावर राहू द्या. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीऐवजी चौकोन दिसतील. काना-मात्रा आणि उकार वर-खाली जागा घेतात म्हणून अक्षर इंग्रजीपेक्षा थोडं मोठं ठेवा.

घरात आजी असेल, इंग्रजी वाचता येत नसेल, तर सिनेमा चालू असताना कानात सांगत बसू नका. कीर्तनकार जसा आधी पूर्वरंग मांडतो तसं पाच मिनिटं आधी सांगा: माणसं कोण, नाती कोणती, कुठल्या देशातली, कुठली समजूत. पुढे काय घडतं हे नाही. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा बेन्शी असायचा, लोक त्याच्या नावावर तिकीट काढायचे. पण तो मूकपट होता. इथे शांतताच ऐकायची आहे.

पूर्वरंगात एक गोष्ट जरूर सांगा. जपानी भूत म्हणजे यूरेई: पांढरं वस्त्र, मोकळे केस, लोंबते हात आणि पाय नाहीत. पांढरं का, तर प्रेताला नेसवतात ते वस्त्र. सूड उरलेल्या भुताला ओन्र्यो म्हणतात. १८२५ मधल्या योत्सुयाच्या काबुकी (जपानची पारंपरिक रंगभूमी) नाटकातली नवऱ्याने दगा दिलेली ओइवा ही त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध. तिकडे भुताच्या गोष्टींचा हंगाम उन्हाळ्यात, पितरांच्या ओबोन सणाच्या आसपास. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे 'सीता स्वयंवर' उभं केलं त्या गावाला नाटकातलं भूत समजावून सांगायला वेळ लागत नाही. कोरियात अशा सूडामागच्या भावनेला हान म्हणतात: गिळून टाकलेलं, कधी फिटलेलं नसलेलं दुःख. थायलंड आणि मलायात बाळंतपणात गेलेली बाई परत येते, आणि आपली हडळ तिची सख्खी बहीण शोभेल.

कोणत्या क्रमाने

पहिल्या रात्री 'शटर' (थायलंड, २००४, सुमारे ९७ मिनिटं). आपल्याकडे लोकांची सवय दचक्यांची आहे आणि हा सिनेमा ती सवय मोडत नाही, वापरून घेतो. फोटोवर उमटणारी धुरकट रेघ एवढंच सूत्र, ते शेवटपर्यंत धरून ठेवलेलं. आवाजाची पातळी मात्र आधीच बांधून ठेवा.

दुसऱ्या रात्री 'रिंगू' (जपान, १९९८). हिदेओ नाकाता यांचा हा सिनेमा कोजी सुझुकींच्या १९९१ च्या कादंबरीवर आहे. विशीतल्या प्रेक्षकांना व्हीसीआर म्हणजे काय, कॅसेटची कॉपी कशी करतात आणि कुणाचा फोन आला आहे हे न दाखवता घरातला जुना फोन कसा वाजतो, हे आधी सांगा. नाहीतर गोष्टीचा खिळाच त्यांना दिसत नाही. पडद्यावर तारीख आणि वार येतात, त्यांचं भाषांतर तुमच्या सबटायटलमध्ये आहे का तपासा. शापित कॅसेट पाहणाऱ्याला मिळणारी सात दिवसांची मुदत त्यांच्यावरच मोजायची आहे. विहिरीतून येणाऱ्या सादाको या भुताची चाल बघताना सगळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि नेमकं काय ते सांगता येत नाही. काबुकीचं शिक्षण घेतलेल्या रिए इनो उलट्या चालल्या आणि ते चित्रण उलटं फिरवलं. पाऊल पुढे पडतं, पण अंगाचा तोल मागे जाणाऱ्याचा असतो. हडळीचे पाय उलटे असतात हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला हे कुठेतरी आत लगेच कळतं. ही माहिती सिनेमानंतर द्या, आधी दिलीत तर लोक पाय बघत बसतील.

'जु-ऑन' (२००२) त्यानंतर. टोएई कंपनीने १९८९ मध्ये थेट व्हिडिओ कॅसेटसाठी सिनेमे काढायला सुरुवात केली, त्या बाजारात २००० साली या मालिकेचा जन्म झाला. सिनेमा माणसांच्या नावाच्या सहा तुकड्यांत आहे आणि तुकडे काळाच्या क्रमाने नाहीत. रिका, कात्सुया, हितोमी, तोयामा, इझुमी, कायाको ही नावं कागदावर लिहून समोर लावा, म्हणजे "हा तर मेला होता ना?" हा प्रश्न मध्येच येणार नाही. हितोमीचा प्रसंग नीट बघा. गोधडीत डोकं घातलं की भूत काही करत नाही, ही प्रत्येक लहान मुलाची शेवटची खात्री असते. सिनेमा नेमकी तीच काढून घेतो.

पावसाळ्यात 'डार्क वॉटर' (२००२). छतावरचा ओला डाग, वरच्या मजल्यावर धावणारी पावलं, आणि घटस्फोटात मुलगी हातची जाऊ नये म्हणून धडपडणारी आई. आमच्या मते नाकातांचा हा 'रिंगू'पेक्षा हळवा आणि जास्त टिकणारा सिनेमा आहे. पत्र्याच्या खोलीत पाऊस वाजत असेल तर बाकी कुठलाच भयपट चालत नाही, हा मात्र उलट खुलतो. एक काळजी घ्या. ऑगस्ट २०१९ चं पुराचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं होतं त्यांना आधी विषय सांगा आणि त्यांनी नको म्हटलं तर दुसरा लावा. ओल चढलेल्या भिंतीचा वास त्यांना सिनेमाशिवायही आठवतो.

'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' (कोरिया, २००३) दोनदा पाहावा लागतो, तसं आधीच सांगून टाका. जांगह्वा आणि होंगर्योन या दोन बहिणी आणि सावत्र आई यांच्या जुन्या लोककथेवर तो उभा आहे. जेवणाच्या टेबलावर कोण कुणाशी बोलतं तिकडे लक्ष ठेवा, एवढंच सांगा, पुढे एक अक्षर नको. कियोशी कुरोसावांचा 'काइरो' (२००१) थंडीत, सगळ्यात शांत रात्री. त्यात एक बाई अंधाऱ्या खोलीच्या टोकाकडून हळूहळू चालत येते, मध्येच तिचा पाय वाकतो, ती कोसळता कोसळता सावरते आणि पुन्हा चालायला लागते. कॅमेरा जवळ जात नाही, कट करून घाई करत नाही, ढोल वाजवत नाही. तुम्हाला बघतच राहावं लागतं. इथेच कळतं की या परंपरेत भूत चौकटीत आधीपासून उभं असतं, ते दाखवायचं काम कॅमेरा करत नाही. चौकटीच्या मागच्या भागात बघायची सवय 'काइरो'पासून लागते.

'ओनिबाबा'साठी (१९६४) एक अख्खी रात्र राखून ठेवा, आणि ती मोठ्यांचीच असू द्या, कारण त्यात नग्नता आहे. कानेतो शिंदो यांनी माणसाच्या उंचीच्या वर गेलेल्या गवताच्या रानात दोन बायका आणि एक खोल खड्डा एवढ्यावर सगळं उभं केलं आहे. युद्धातून पळालेले सैनिक त्या गवतात शिरतात आणि परत बाहेर येत नाहीत. शेतीची वीज रात्री येते म्हणून बारा-एक वाजता उसाला पाणी द्यायला गेलेल्या वाळवा-पलूसकडच्या माणसाला या सिनेमाची प्रस्तावना लागत नाही. फडात वारा शिरला की पात्याला पातं घासून जो आवाज होतो, चार हातांपलीकडे काही दिसत नाही आणि सरीत पाऊल कुठे पडतंय ते कळत नाही, तसंच हे आहे. कृष्णधवल असल्याने ब्राइटनेस पुन्हा तपासा. गवताची पाती वेगवेगळी चमकली पाहिजेत आणि खड्ड्याचं तोंड ठार काळं.

'क्वाइदान' (१९६४) १८३ मिनिटांचा आहे. चार गोष्टी, दोन रात्रींत विभागा, दोन गोष्टींनंतर थांबा. जुन्या काही आवृत्त्यांतून हिमस्त्रीची गोष्ट काढून टाकलेली असते, तेव्हा घेण्याआधी लांबी बघा. मासाकी कोबायाशींनी आकाशसुद्धा रंगवून घेतलं आहे आणि तोरू ताकेमित्सूंनी वाद्यांच्या जागी लाकूड फाटल्याचे आवाज वापरले आहेत. तिसरी गोष्ट एका अंध बिवावादकाची आहे. बिवा हे तंतुवाद्य, आणि तंतुवाद्यांच्या गावात ती रात्र फुकट जात नाही.

घरची सगळी मंडळी एकत्र असतील तर हाँगकाँगचा 'मिस्टर व्हँपायर' (१९८५). उड्या मारत येणारी प्रेतं, श्वास रोखला की त्यांना माणूस सापडत नाही, आणि विष उतरवायला चिकट तांदूळच लागतो. दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळून देतो आणि उपचार लांबतो. भेसळीचा हा प्रसंग मार्केट यार्डात आयुष्य काढलेल्या माणसाला पोटभर हसवतो. 'नांग नाक' (थायलंड, १९९९) ही नवरा-बायकोची गोष्ट आहे. लढाईवरून परतलेल्या नवऱ्याला बायको-मूल घरी दिसतात, आणि गावाला माहीत असतं की दोघंही गेली. फळीच्या फटीतून खाली पडलेलं लिंबू उचलायला तिचा हात लांबत जातो, ही मूळ दंतकथा थायलंडमध्ये लहान मुलालाही ठाऊक आहे. 'ट्रेन टू बुसान' (२०१६) कुणालाही दाखवा, त्याला तयारी लागत नाही.

कोरियाचा 'द वेलिंग' (२०१६, १५६ मिनिटं) दाखवलात तर मांत्रिकाच्या विधीवरून चर्चा पेटेल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्याच्या शेजारी आपण राहतो, तेव्हा "यातून अंधश्रद्धा पसरत नाही का?" हा प्रश्न आला तर टाळू नका. कुणावर विश्वास ठेवायचा या घालमेलीत एक बाप कसा भरडला जातो हाच त्या सिनेमाचा विषय आहे, आणि चर्चा तिथूनच सुरू करता येते.

कल्ट म्हणजे

सगळ्यांना न आवडणारे, पण ज्यांना आवडले त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलेले ते कल्ट. नोबुहिको ओबायाशी जाहिरातपट करायचे. 'हाउस' (१९७७) मधल्या कल्पना त्यांनी आपल्या लहान मुलीकडून, चिगुमीकडून घेतल्या. त्यामुळे पियानो मुलीला खातो आणि त्याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही. इथे अंधार आणि शांततेचे वरचे नियम सैल करा, कोपऱ्यातला दिवा राहू द्या, लोकांना मोठ्याने हसू द्या. खोटी दिसणारी ट्रिक मुद्दाम खोटी ठेवली आहे एवढं सांगून ठेवा. 'तेत्सुओ' (१९८९) फक्त ६७ मिनिटांचा, पण लुकलुकणाऱ्या चित्रांचा आणि लोखंडी आवाजाचा. फिट येणाऱ्या माणसाला तो दाखवू नका. 'ऑडिशन' (१९९९) पहिला तासभर प्रेमकथेसारखा जातो आणि शेवटचा भाग फार क्रूर आहे. इथे आश्चर्य टिकवण्यापेक्षा माणूस जपणं महत्त्वाचं. "शेवटी शारीरिक छळ आहे, उठून जायचं असेल तर खुशाल जा" हे आधी सांगा.

आपल्याकडचा 'तुंबाड' (२०१८) या मालिकेत शेवटी ठेवा, पहिल्यांदा नको. पहिल्या वेळी थिएटरात थोड्यांनी पाहिलेला हा सिनेमा २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा गर्दी झाली, कल्ट असाच तयार होतो. आधी 'ओनिबाबा'तला खड्डा आणि 'डार्क वॉटर'चं पाणी पाहिलेला प्रेक्षक त्या वाड्यातला पाऊस वेगळ्या डोळ्यांनी बघतो.

हे सगळं घरापुरतं. मंडळाच्या मांडवात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये लावायचं असेल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी आणि सिनेमाचं प्रमाणपत्र लागतं. ओटीटीचं वैयक्तिक सदस्यत्व त्यासाठी चालत नाही.

सिनेमा संपला की ट्यूबलाइट लावू नका. नावांची यादी सरकू द्या, मग स्वयंपाकघरातला एकच दिवा लावा आणि चहा टाका. प्रोजेक्टर स्टँडबायवर घालून आतला पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका, दोन-तीन मिनिटं लागतात. भडंगाचा डबा आता उघडा. ज्यांना एकट्याने घरी जायचं आहे त्यांची सोबत ठरवा, आणि जिन्यातला दिवा ते खाली पोचेपर्यंत चालू राहू द्या.